महागाईचा आकडा एक, झळ निराळी

गैरसमज : महागाई सगळ्यांना सारखीच भोवते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ महागाईचा दर ६.२१ टक्के होता, खाद्यपदार्थांचा मात्र १०.८७ टक्के. बातमीत मोठ्या अक्षरांत पहिला आकडा येतो. ज्या घराची निम्म्याहून जास्त कमाई किराण्यातच जाते, त्या घराची महागाई दुसऱ्या आकड्याकडे झुकलेली असते. सरकारी हिशेबालाही हे ठाऊक होतं. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या महागाई निर्देशांकात खाण्यापिण्याचा भार ग्रामीण भागासाठी ५४ टक्के होता आणि शहरांसाठी ३६. त्यातही शहराची सरासरी म्हणजे वरळीचा टॉवर आणि गोवंडीची झोपडपट्टी एकाच गाठोड्यात. पुढे दर उतरला तरी भाव उतरतातच असं नाही. बहुतेक वेळा ते चढण्याचा वेग तेवढा कमी होतो.

गैरसमज : गावाकडे काय, सगळं स्वस्त.

घरभाडं वाचतं, हे खरं. पण मोबाइलचं रिचार्ज, गॅस सिलिंडर, औषधाची पट्टी यांचे भाव पुण्यात आणि हिंगोलीत जवळपास तेच. कमाई मात्र तेवढी नाही. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. ती ठरवताना शेतमजुरांसाठीच्या ज्या महागाई निर्देशांकाचा आधार घेतला जाई, त्याचे भार १९८३ च्या खर्च पाहणीवरून काढलेले होते आणि २०२५ पर्यंत तेच चालले. मजुराच्या आजच्या खर्चाचं चित्र त्यात उमटणार कसं?

शिवाय गावात एक खर्च असा आहे, जो महागाई म्हणून कुणी मोजत नाही. राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजणाऱ्या दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेष, म्हणजे मागे राहिलेल्या भागांतल्या सोयींची तूट, ३,१८६ कोटी रुपयांचा काढला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य, सगळं त्यात होतं. जी सोय जवळ आली नाही, तिची किंमत घराघरांतून भरली जाते : तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जाणं, अडल्या बाळंतिणीसाठी भाड्याची जीप, बारावीनंतर मुलीच्या खोलीचं भाडं. म्हणून जानेवारी २०२५ मधली एसटीची १४.९५ टक्के भाडेवाढ लोकलच्या पासवर फिरणाऱ्याला जाणवली नाही, दवाखान्यासाठी तालुका गाठणाऱ्याला जाणवली. महिलांना निम्मं तिकीट आहे आणि ही सवलत मोलाची आहे. पण तेही वाढलेल्या भाड्याचंच निम्मं.

गैरसमज : रेशन फुकट आहे, मग पोटाची चिंता कसली?

जानेवारी २०२३ पासून प्राधान्य कुटुंबांना महिन्याला माणशी ५ किलो धान्य मोफत मिळतं. आधार मोठा आहे. पण फोडणीचं तेल, डाळ आणि भाजी दुकानातूनच येते. रोजंदारीवरचं घर हे सगळं थोडं थोडं घेतं, आणि सुटी खरेदी किलोमागे महागच पडते.

गैरसमज : कांदा महागला की शेतकऱ्याची चांदी.

रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधानुसार कांद्यावर ग्राहकाने मोजलेल्या रुपयातले सुमारे ३६ पैसेच उत्पादकाच्या हाती पडतात. शहरात भाव चढले की लगाम बसतो तो त्याच्याच मालाला. ८ डिसेंबर २०२३ ते ४ मे २०२४ कांद्याच्या निर्यातीवर बंदी राहिली. त्या पाच महिन्यांत नाशिकच्या शेतकऱ्याच्या डिझेलला, मजुरीला आणि किराण्याला असा लगाम कुणी घातला नाही.