सडा तिरप्या उन्हात पाहावा

कोकणातली कातळशिल्पं पाहायला निघालात, तर आधी वेळ ठरवा, मग गावं. भर दुपारी बारसूच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, उभं राहिलं, तर पायाशी असलेली आकृतीसुद्धा दिसत नाही. या चित्रांना रंग नाही. आहेत त्या जांभ्यात खोदलेल्या खाचा, आणि डोक्यावरचं ऊन त्या पुसूनच टाकतं. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर मात्र खाचेच्या एका काठाची सावली आत पडते आणि पाहता पाहता हरणाचे पाय, माशाची शेपटी उमटू लागते. पावसाळ्यात आणि त्यानंतर काही दिवस सड्यावर गवत माजतं, म्हणून हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ बरा.

शनिवार-रविवार एवढीच सवड असेल, तर तीन-चार ठिकाणांपलीकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रत्नागिरीजवळ उक्षीला एकच मोठा हत्ती आहे. नजर तयार व्हायला तो उत्तम. दुसऱ्या दिवशी राजापूर तालुक्यात सकाळी कशेळी आणि संध्याकाळी बारसू.

कशेळी गाव कनकादित्याच्या देवळासाठी ठाऊक असतं. तिथल्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. जवळ उभं राहून तो दिसतच नाही. एका रेषेवर नजर ठेवून तिच्या कडेकडेनं चालत जावं, तेव्हा सोंड कुठली आणि पाठ कुठली ते ध्यानात येतं. हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी, पक्षी, मासे कोरलेले आहेत. ज्यानं हे कोरलं, त्याला काम करताना पूर्ण चित्र एका नजरेत कधीच दिसलं नसणार. उंचावर चढून पाहायला सड्यावर साधी टेकडीही नाही. तरी रेषा चुकलेली नाही. मला या सगळ्यात सर्वांत थक्क करतं ते हेच.

बारसूला मधोमध माणूस आहे आणि दोन्ही बाजूंनी वाघासारखे दोन प्राणी त्याच्याकडे झेपावताहेत. सिंधू संस्कृतीच्या काही मुद्रांवर असाच प्रसंग आहे, म्हणून लगेच नातं जोडायचा मोह होतो. तो आवरावा. कातळावरच्या खाचेचं वय थेट मोजता येत नाही. ही चित्रं मध्याश्मयुगातली, म्हणजे सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वीपासूनची असावीत, हा अंदाज विषयांवरून आणि आसपास सापडणाऱ्या दगडी हत्यारांवरून बांधलेला आहे. चित्रांत शेतीचा मागमूस नाही. आहेत ती जनावरं, मासे, आणि आज कोकणात नसलेला गेंडाही. देवाचे गोठणे या गावातल्या शिल्पाजवळ होकायंत्र भरकटतं. कातळातल्या चुंबकीय गुणामुळे असं होतं. कोरणाऱ्यांना ते कसं कळलं, की कळलंच नव्हतं, यावर माणसं तासन्‌तास बोलतात.

गावकऱ्यांना यातली कित्येक चित्रं पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई हे अभ्यासक गावोगाव फिरले, गुराख्यांना विचारत राहिले, तेव्हा या चित्रांची पद्धतशीर नोंद होऊ लागली. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं फणसायमाळ अशी नऊ ठिकाणं गेली. पण शिल्पांचा आकडा त्याहून किती तरी मोठा आहे, आणि पुष्कळशी खासगी जमिनीत आहेत. सडा म्हणजे काही न पिकणारी जागा, असं समजून तिथे चिरेखाण निघते, सुरुंग लावून आंब्याची कलमं लागतात, रस्ता जातो. चित्राभोवती चार दगडांचा गडगा घातला, की काम झालं असं मानणं मला पटत नाही. माणसं या सड्यावर वावरली, इथल्या डबक्यांवर आलेली जनावरं त्यांनी पाहिली, आणि तीच कातळावर उतरवली. सड्याचा कातळ आणि पाणी उरलं तरच चित्राला संदर्भ उरतो.

जाताना गावातला वाटाड्या घ्यावा, त्याला त्याचे पैसे द्यावेत. चपला चित्राच्या काठाबाहेर काढाव्यात. फोटो उठून दिसावा म्हणून रेषेत खडू किंवा चुना भरू नये. आणखी तासभर थांबलात, तर उन्हानंच रेषा दाखवलेली असेल.