विश्लेषण : अभियांत्रिकी सॉफ्टवेअर लिनक्सवर का नाही?

‘विंडोज १०’चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’ न पेलणारे संगणक भंगारात काढण्याऐवजी त्यांवर लिनक्स टाकता येते, तेही फुकट. अभियांत्रिकी महाविद्यालये आणि लघुउद्योगांची गाडी मात्र पुढच्याच पायरीवर अडते. सॉलिडवर्क्स किंवा ऑल्टियम डिझायनर लिनक्सवर चालतच नाही.

लिनक्सला हे काम झेपत नाही का?

झेपते. केडन्स, सिनॉप्सिस यांची चिप-रचनेची प्रमुख साधने लिनक्सवरच चालतात. पूर्वी हे काम युनिक्सच्या वर्कस्टेशनवर होत असे, तेथून लिनक्सवर येणे सोपे गेले. मॅटलॅब आणि व्हिवाडोही लिनक्सवर मिळतात. ऑटोकॅडच्याही एकेकाळी युनिक्स आवृत्त्या होत्या. १९९७ची चौदावी आवृत्ती मात्र केवळ विंडोजसाठी आली. पुढे २०१०मध्ये ऑटोकॅड मॅकवर परतले. लिनक्सच्या वाट्याला काही आले नाही.

कंपन्यांची अडचण खरी की सबब?

थोडी खरी. लिनक्सची वितरणे अनेक, प्रत्येकातील लायब्ररींच्या आवृत्त्या वेगळ्या. ग्राहकाचा फोन आला की दोष कुणाचा हे शोधण्यातच दिवस जातो. पण चिप-रचनेच्या कंपन्यांनी यावर केव्हाच तोडगा काढला आहे : रेड हॅटसारखी मोजकी वितरणे जाहीर करायची, बाकीची ज्याच्या त्याच्या जबाबदारीवर.

खरा फरक साधनाचा पाया निवडतानाच पडतो. मायक्रोचिपचे ‘एमपीलॅब एक्स’ नेटबीन्सवर उभारलेले, म्हणून ते विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालते. याच कंपनीने २०१६मध्ये ॲटमेल विकत घेतली. आर्डुइनो उनोमधील चिप ॲटमेलचीच. तिचे ‘ॲटमेल स्टुडिओ’ मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओवर बेतलेले, त्यामुळे ते विंडोजपुरतेच राहिले. नंतर एमपीलॅब एक्समध्येच ॲटमेलच्या चिपची सोय करण्यात आली.

मग मागायचे काय?

संपूर्ण खिडक्या-बटणांचे सॉफ्टवेअर लगेच मिळणार नाही. पण कंपायलर आणि चिपमध्ये प्रोग्रॅम भरणारे साधन कमांड लाइनवरून लिनक्सवर चालावे, एवढी अट खरेदीच्या निविदेत घालता येते. रोजच्या बदलांची आपोआप चाचणी घेणारे सर्व्हर बहुधा लिनक्सवरच असतात, त्यामुळे या अटीत कंपन्यांचाही फायदा आहे. सर्किट शिकवण्यासाठी तर थांबण्याचेही कारण नाही. कायकॅड आणि एनजीस्पाइस यांच्या आधारे आयआयटी मुंबईच्या ‘फॉसी’ प्रकल्पाने तयार केलेले ‘ईसिम’ मोफत आहे आणि ते लिनक्सवर चालते. यंत्रभागांच्या आरेखनाचे कोडे मात्र सुटलेले नाही. ग्राहकाने सॉलिडवर्क्सची फाइल पाठवली, तर ती सर्व तपशिलांसह उघडायला आजही विंडोजच लागते.