सफरीत कस्र चालेल, कझा नको

व्यापारी बांधवांनो, या पानावर आपण सुताचे, ग्रे कापडाचे आणि प्रोसेसचे भाव वाचतो. आज अशा एका भांडवलाबद्दल लिहीत आहे जे बुडाले तर कोणतीही पेढी उधार देत नाही. ते म्हणजे आपली सेहत, आणि खास करून फिरत्या व्यापाऱ्याची सेहत.

२०१३ सालची गोष्ट आहे. रमजानला दीड महिना बाकी होता. ईदच्या मालाचा सीझन आणि मागच्या उधारीची वसुली, दोन्ही एकाच वेळी चालू होती. माझे थोरले भाऊ, ज्यांना घरात आणि बाजारात सगळे भाईजान म्हणतात, वसुलीसाठी राजस्थानात बालोतऱ्याला गेले होते. चौथ्या दिवशी सकाळी लॉजच्या खोलीत त्यांचा उजवा हात व पाय लुळा पडला. अल्लाहच्या मेहरबानीने जीव वाचला, पण जबान बंद झाली. वसुलीच्या चिठ्ठ्या त्यांच्या हातच्या उर्दूत होत्या आणि त्यातल्या निम्म्या खुणा फक्त त्यांनाच कळत होत्या. नीट बोलायला पाच महिने लागले. तोपर्यंत ज्यांची नियत साफ होती त्यांनी घरपोच पैसे पाठवले. बाकीच्यांनी "हिशेब भाईजानशी मिटला होता" असे सांगून हात वर केले.

भाईजान घरी असले की फज्रनंतर मोसम नदीच्या बाजूने रोज फिरत. पण वर्षातले सहा-सात महिने त्यांचा मुक्काम बाहेर. सफरीत फिरणे बंद, रक्तदाबाची तपासणी बंद, गोळीही कधी घेतली कधी राहिली. चालण्याने हे दुखणे टळलेच असते असे डॉक्टर म्हणाले नाहीत आणि मीही म्हणणार नाही. परंतु जी काळजी अर्धे वर्ष घेतली जाते आणि अर्धे वर्ष सोडली जाते, तिचा भरवसा काय?

बसणारा आणि चढणारा

आपला धंदा पायांचा होता. आता तो बसण्याचा झाला आहे. मालेगावचे पॉपलीन रंगाईसाठी पाली-बालोतऱ्याला जाते. कोणी सुरतच्या रिंग रोडवर, कोणी मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटात, तर कोणी भिवंडी-इचलकरंजीत चकरा मारतो. मालाचा नमुना आज व्हॉट्सअॅपवर दिसतो, परंतु वसुलीला स्वतःच जावे लागते. जाताना रात्रभर बसमध्ये बसायचे, दिवसा या गादीवरून त्या गादीवर बसायचे, प्रत्येक ठिकाणी साखरेचा चहा घ्यायचा आणि रात्री एखाद्या मेहरबान गिऱ्हाईकाकडे दावत. फिरतो आहोत असे वाटते, पण फिरते ते वाहन. आपण बसलेलेच असतो.

या बाबतीत लंडनचे एक जुने संशोधन प्रसिद्ध आहे. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली डबल-डेकर बसच्या ड्रायव्हरांची आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघे एकाच बसमध्ये काम करणारे. एक दिवसभर बसलेला, दुसरा दिवसभर जिना चढणारा-उतरणारा. हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त आढळला. पुढे १९५६ साली त्यांनी गणवेशांची मापे काढून पाहिली. ड्रायव्हरांच्या विजारीची कंबर मोठी निघाली आणि हा फरक तरुण वयापासूनच होता. म्हणजे सगळा दोष खुर्चीचाच होता असे नाही. तरीही हालचाल आणि हृदय यांचा संबंध त्यानंतरच्या पुष्कळ अभ्यासांनी पक्का केला आहे. आपण कापडवाले, कंबरेच्या मापाची भाषा आपल्याला लवकर समजते.

आपल्या देशाचा हिशेबही पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या मोठ्या पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यात आपले व्यापारी किती, हे प्रत्येकाने आपल्या मार्केटच्या एका गल्लीत मोजून पाहावे.

हौस चार दिवसांची

भाईजानांच्या आजारानंतर मी स्वतःची तपासणी करून घेतली. साखर उंबरठ्यावर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. मी कँपकडच्या रस्त्याने रोज पाऊण तास चालू लागलो. बारा-पंधरा दिवस छान गेले. मग सुरतची सफर आली आणि सगळे सुटले. परत आल्यावर "येत्या जुम्म्यापासून सुरू करू" असे ठरवले. जुम्मा आला, लूम बंद होते, पाहुणे आले. पुढचा जुम्मा येईपर्यंत दुसरी सफर उभी राहिली. एका वर्षात मी चार वेळा चालणे सुरू केले आणि चारही वेळा ते सफरीत सोडले.

आपल्यात हिंमत नाही, असे मला वाटू लागले होते. पण जो माणूस पन्नासाव्या वर्षी तीन रात्री बसमध्ये काढून वसुली करतो, त्याच्यात हिंमत कमी नसते. चूक अटीत होती. पाऊण तास मिळाला तरच चालायचे, नाहीतर मुळीच नाही, अशी ती अट होती. सफरीत पाऊण तास मिळत नाही, म्हणून मुळीच नाही हेच हाती राहिले.

एका दुपारी सुरतच्या लॉजमध्ये जोहरची नमाज अदा करत होतो. मुसाफिर म्हणून चार रकातींऐवजी दोन रकात फर्ज अदा करून सलाम फेरला आणि मनात आले की शरीयतने मुसाफिराची अडचण ओळखून नमाज कमी केली आहे, माफ केलेली नाही. कस्र दिली, सुट्टी दिली नाही. मग मी माझ्या चालण्याला सफरीत सुट्टी का देतो? (कस्रसाठी अंतर व मुक्कामाचे दिवस यांचे नियम मसलकानुसार वेगळे आहेत, ते आपापल्या आलिमांकडून समजून घ्यावेत. मी येथे फक्त त्यातली शिकवण घेत आहे.)

त्या दिवसापासून माझा नियम एकच आहे. घरी पाऊण तास, सफरीत पंधरा मिनिटे. सफरीत पंधरा मिनिटांच्या वर जे होईल ती बरकत. पण पंधरा मिनिटे कझा होऊ द्यायची नाहीत.

डॉक्टरी शास्त्रही याला विरोध करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सल्ल्याप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे. आधी असे सांगत की एका वेळी निदान दहा मिनिटे तरी सलग हवीत. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. म्हणजे पाच मिनिटांचे चालणेही खात्यात जमा होते. आपण किरकोळ वसुली सोडत नाही, मग किरकोळ चालणे का सोडावे?

नमाज आणि व्यायाम

काही भाई म्हणतात, आम्ही पाच वेळा नमाज पढतो, व्यायाम वेगळा कशाला? माझी विनंती आहे की इबादत ही इबादत म्हणून राहू द्या. तिची नियत वेगळी आहे. नमाजच्या हालचालींनी सांधे मोकळे राहतात हे खरे, परंतु छातीचा भाता फुलेल असे चालणे त्यात होत नाही. नमाजचा फायदा दुसरा आहे. तिची वेळ ठरलेली असते. व्यायाम जर ठरलेल्या वेळेला बांधला तर तो टिकतो, मूडवर सोडला तर टिकत नाही. फज्र तर कोणत्याही गावात होतेच. फज्रनंतर आणि चहाच्या आधी पंधरा मिनिटे, ही गाठ मी बांधून टाकली. लॉजजवळ दोन मशिदी असतील तर लांबची निवडतो. त्या वेळी बाजार बंद, फोन बंद, गिऱ्हाईक झोपलेले. दिवसातली एवढीच वेळ कोणी मागायला येत नाही.

अनुभवातल्या काही गोष्टी

पहिली गोष्ट बुटांची. चपलेवर चालणे होत नाही. कॅनव्हासचे बूट मी पिशवीत तळाशी ठेवत नाही, लॉजमध्ये शिरताच पलंगाजवळ काढून ठेवतो. सकाळी शोधावे लागले तर निम्मे लोक तिथेच विचार बदलतात.

दुसरी, वाट पाहण्याच्या वेळेची. आपला निम्मा प्रवास वाट पाहण्यात जातो. मनमाडला गाडी उशिरा आहे, बाकावर बसून काय करायचे? चोवीस डब्यांच्या गाडीचा फलाट अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांब असतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन परत आलात की किलोमीटर झाला. सामान सांभाळायला सोबती असेल तर आळीपाळीने चाला. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्टी तयार होईपर्यंतही दारासमोर फेऱ्या मारता येतात.

तिसरी, जिन्याची. सुरतच्या मार्केटांत मजल्यावर मजले आहेत. लिफ्टच्या रांगेत उभे राहण्यापेक्षा दोन मजले पायी चढावे. गुडघे दुखत असतील तर चढताना जिना, उतरताना लिफ्ट.

चौथी, जेवणानंतरची. रात्रीच्या दावतीनंतर लगेच आडवे होऊ नये. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालल्याने रक्तातली साखर कमी चढते. यजमानालाच म्हणावे, चला, लॉजपर्यंत सोडायला पायी या. माझे सुरतचे एक दलाल आता रोज रात्री असेच येतात. वटावाची घासाघीस चालता चालता होते आणि गादीवरच्या मानाने लवकर मिटते.

पाचवी, बसमधल्या पायांची. चार तासांपेक्षा जास्त बसून प्रवास केला तर पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. धोका लहान आहे, पण आहे. बस थांबली की उतरावे, बसल्या जागी टाचा आणि चवडे वरखाली करावेत, पाणी पीत राहावे.

सहावी, पावसाची. बाहेर निघता आले नाही तर खोलीत वीस बैठका आणि भिंतीला हात टेकून वीस दंड. स्नायूंचा हिस्सा त्यात निघतो.

कारागीर भावांसाठी

लूमवरचे भाऊ म्हणतील, आम्ही तर पाळीभर उभेच असतो. उभे राहणे आणि चालणे यात फरक आहे. तासन्‌तास उभे राहिल्याने पायाच्या शिरा फुगतात आणि कंबर धरते. पाळी सुटल्यावर मोकळ्या हवेत दहा मिनिटे जलद चालावे, कंबर आणि पोटऱ्या ताणाव्यात. प्रदर्शनात माल घेऊन दूरच्या शहरात जाणाऱ्या कारागिरांनाही वर सांगितलेल्या गोष्टी लागू आहेत.

सावधगिरी

ज्यांना मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन चालू आहे त्यांनी खिशात खजूर किंवा साखर ठेवावी आणि रात्री पायांचे तळवे तपासावेत. चालताना छातीत दाब, दम किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे आणि डॉक्टर गाठावा. रमजानमध्ये औषध आणि व्यायाम यांच्या वेळा आधी डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात.

वहीत जमा करा

शेवटची गोष्ट आपल्या धंद्याचीच आहे. जे वहीत नाही ते बुडाले असे आपण मानतो. माझ्या सफरीच्या डायरीत वसुलीच्या रकान्याशेजारी एक रकाना चालण्याचा आहे. त्यात मिनिटे लिहितो. आता मोबाइलही पावले मोजतो, पण हाताने लिहिण्याची शरम वेगळी. एक दिवस कोरा राहिला तर चालतो, सलग दोन दिवस कोरे राहू द्यायचे नाहीत. आणि हो, उधारीची चिठ्ठी दुसऱ्याला वाचता येईल अशी लिहितो. त्याची एक नक्कल मुलाकडे असते. हे मला भाईजानांनी शिकवले, मोठ्या किमतीला.

भाईजान आज गादीवर बसतात. डाव्या हाताने कापडाचा पोत पाहतात. मी सफरीला निघालो की एकच विचारतात, "बूट घेतलेस?" पूर्वी विचारायचे, "वही घेतलीस?"

शरीर ही अल्लाहची अमानत आहे. दुसऱ्याची अमानत आपण सफरीतही कंबरेला बांधून सांभाळतो. ही अमानतही तशीच सांभाळण्याची तौफीक अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.