तोटीमागची गळती

बाथटबची तोटी गळते म्हटलं की जाणता प्लंबर आधी एकच विचारतो: पाणी तोंडातून ठिबकतं की मागून? नळ बंद असताना तोंडातून थेंब पडत असतील, तर तोटी निर्दोष. भिंतीतल्या व्हॉल्व्हचा वॉशर किंवा कार्ट्रिज झिजलेलं असतं. नळ सोडल्यावर तोटी आणि टाइल यांच्यामधून पाणी झिरपत असेल, तर मात्र तोटी उतरवावी लागते. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात हा दुसरा प्रकार होता, आणि तो कळला खालच्या स्वयंपाकघराच्या छतावर उमटलेल्या पिवळट डागावरून. इथली घरं लाकडी सांगाड्याची. भिंतीत मुरलेलं पाणी डोळ्यांना दिसेपर्यंत आतलं लाकूड बरंच पाणी पिऊन बसलेलं असतं.

प्लंबरने टबाच्या मोरीवर आधी फडकं टाकलं, स्क्रू आत पडू नये म्हणून. मग तोटीच्या पोटाखालून बोट फिरवलं. तिथे भोक लागलं, तर तोटी पाइपावर नुसती सरकवून स्क्रूने आवळलेली असते. नाहीतर ती आट्यांवर फिरवून बसवलेली. आमची सरकवलेली होती. ॲलन कीने स्क्रू सैल केला आणि हलक्या हाताने फिरवत तोटी ओढून काढली.

आत तांब्याचा अर्ध्या इंची पाइप. हा अर्धा इंच नावापुरता. बाहेरून मोजला तर व्यास 5/8 इंच भरतो. पूर्वी कुणीतरी स्क्रू इतका आवळला होता की पाइप चेपला होता. तोटीतली रबरी ओ-रिंग गोल, गुळगुळीत पाइपावरच पाणी अडवते. इथे नवी तोटी घालून काही साधलं नसतं, पाइपच बदलायला हवा होता.

टबामागच्या कपाटातली फळी काढून त्याने चिमुकल्या कटरने पाइप कापला. प्लास्टिकचा पेक्स पाइप का नको, असं मी विचारलं. त्याचं भोक तांब्यापेक्षा अरुंद असतं. तोटीकडे पाणी पुरेसं सुटलं नाही की ते वर चढतं आणि टब भरताना शॉवरही ठिबकायला लागतो, असं तो म्हणाला.

खरा वेळ गेला तो पाइप कोरडा आणि स्वच्छ करण्यात. तळघरातला मुख्य कॉक बंद होता, तरी वरून थेंब थेंब येत होताच. पाणी 100 अंशांना उकळतं आणि डाख वितळायला त्याच्या दुपटीहून जास्त तापमान लागतं. आत पाणी असेल तोवर सांधा तापतच नाही. यावर जुन्या प्लंबरांचा तोडगा म्हणजे पाइपात पांढऱ्या पावाचा कडा काढलेला बोळा. तो थेंब शोषून धरतो आणि नंतर पाण्यात विरघळून तोटीतून वाहून जातो. मग पॉलिश पेपरने तांबं लखलखीत होईपर्यंत घासलं, फ्लक्स लावला, नवा एल्बो बसवला, मागच्या लाकडावर अग्निरोधक कापड टांगलं.

ज्योत त्याने एल्बोवर धरली, डाखाला लावली नाही. डाखाची तार दुसऱ्या बाजूने टेकवताच वितळलेला धातू फटीत ओढला गेला, वरच्या दिशेनेसुद्धा. कल्हईवाल्याला काम करताना पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: तांबं तापवायचं, नवसागर फिरवायचा, कथील पसरतं. इथला डाखही मुख्यतः कथलाचाच. पूर्वी त्यात शिसं असायचं. 1986 साली अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या नळांसाठी ते बंद केलं. ज्योतीचं काम मिनिटाभरात संपलं. बघणाऱ्याला कौशल्य त्या ज्योतीत दिसतं, पण सांधा पक्का होतो तो आधीच्या घासण्याने.

नवी तोटी बसवल्यावर सिलिकॉन लावलं ते वर आणि दोन्ही बाजूंना. खालची फट मुद्दाम मोकळी ठेवली, म्हणजे पुढे कधी गळालंच तर पाणी भिंतीत न मुरता टबात दिसेल. तुमच्या तोटीची खालची फट कुणी हौसेने बुजवली असेल, तर ती आजच मोकळी करून घ्या.