साधी केसतोड, हट्टी जंतू

काखेत किंवा मांडीवर केसतोड उठली, तर आपण ती फारशी मनावर घेत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात तर पुळ्या येतात नि जातात. त्यामागचा जंतू बहुधा स्टॅफिलोकॉकस ऑरियस असतो. साधारण तिघांपैकी एका निरोगी माणसाच्या नाकात तो काही त्रास न देता राहतो. त्याचा एमआरएसए नावाचा प्रकार मात्र पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटांतल्या बहुतेक औषधांना दाद देत नाही. 1961 साली इंग्लंडमध्ये त्याची पहिली नोंद झाली आणि पुढे बराच काळ तो इस्पितळातलाच जंतू समजला गेला. 1997 ते 1999 दरम्यान अमेरिकेच्या मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा राज्यांत त्याने चार मुलं दगावली. इस्पितळाशी त्यांचा अलीकडे काहीच संबंध आला नव्हता. घराघरांत, वस्त्यांत तो कोणाला गाठतो, हा प्रश्न तेव्हापासून महत्त्वाचा झाला.

याचं उत्तर पाच गोष्टींत सापडतं: दाटीवाटी, अंगाला अंग लागणं, कातडीवरची जखम, सामाईक वस्तू आणि स्वच्छतेच्या सोयींची वानवा. हे सगळं गरिबांच्या घाणेरड्या सवयींमुळे होतं, असं कोणी म्हणेल. त्याने सेंट लुईस रॅम्स या श्रीमंत अमेरिकी फुटबॉल संघाची हकिगत वाचावी. 2003 च्या हंगामात त्यातल्या 5 खेळाडूंना मिळून 8 वेळा हा संसर्ग झाला. दर वेळी गळू उठलं ते कृत्रिम हिरवळीवर खरचटलेल्या जागी. मैदानावर एकेक टॉवेल तिघांतही फिरत होता. शिवाय सर्वसाधारण माणसाच्या मानाने खेळाडूंना दहापटीहून अधिक प्रतिजैविकं दिली जात होती. पैसा होता, डॉक्टर होते, तरी परिस्थिती जुळून आली आणि जंतूने संधी साधली.

हीच परिस्थिती सोलापुरात शोधायला लांब जावं लागत नाही. यंत्रमागाच्या उकाड्यात घामाने भिजलेलं, कुठेतरी खरचटलेलं अंग, तालमीत एकमेकांना घासणारे पैलवान, एका खोलीत दाटीने राहणारे विद्यार्थी. टॉवेलसाठी नावाजलेल्या या शहरात कितीतरी घरांत मोरीजवळच्या खिळ्याला मात्र एकच टॉवेल, तोही दिवसभर ओलसर. गळवाचा पू पुसलेला कोपरा कोणता, हे दुसऱ्याला कळणार कसं? यावर रास्त आक्षेप असा, की नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असेल तर स्वच्छतेचे धडे कोणाला देता? आक्षेप मान्यच करायला हवा. पाणीपुरवठा हा आरोग्याचाच प्रश्न आहे आणि त्याची जबाबदारी महापालिकेची आहे. तोवर आहे त्या पाण्यात आधी हात धुवावेत, जखम झाकावी, प्रत्येकाचा टॉवेल आणि वस्तरा वेगळा ठेवावा. टॉवेल धुऊन कडक वाळवायला सोलापूरचं ऊन फुकट आहे.

हा हट्टी जंतू फैलावण्याचं दुसरं कारण मेडिकलच्या काउंटरवर सापडतं. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविकं विकणं बेकायदा आहे. 2014 पासून लागू असलेल्या एच-1 अनुसूचीतल्या औषधांसाठी तर दुकानदाराला डॉक्टर आणि रुग्णाची नोंद ठेवावी लागते. तरी ‘गळवावर काहीतरी द्या’ म्हटलं की दोन दिवसांच्या गोळ्या मिळतात. त्या गोळ्यांनी साधे जंतू मरतात, हट्टी उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर तेच फोफावतात. डॉक्टरची फी आणि बुडालेली मजुरी परवडत नाही म्हणून माणूस गोळ्या घेतो, हे खरं आहे. पण पू साचलेल्या गळवाचा मुख्य इलाज म्हणजे डॉक्टरने चीर देऊन तो काढणं. चुकीच्या गोळ्यांनी आजार लांबला की मजुरी जास्तच बुडते.

मग प्रत्येक पुळीला घाबरायचं का? नाही. बहुतेक पुळ्या शेकण्याने आणि झाकून ठेवण्याने बऱ्या होतात. मात्र गळू पुन्हा पुन्हा उठलं, घरात दुसऱ्यालाही झालं, लाली पसरू लागली, ताप आला किंवा रुग्णाला मधुमेह असला, तर सिव्हिलमध्ये किंवा जवळच्या डॉक्टरकडे जावं. गळू घरी पिळू नये आणि पू तपासणीला पाठवायचा का, हे आवर्जून विचारावं. कोणतं औषध लागू पडेल ते त्या तपासणीतून कळतं. मेडिकलवाल्याच्या अंदाजातून कळत नाही.