मुतखडा ताडीने पडत नाही, दुधाने होत नाही

पावसाळ्यात भातशेती आणि दिवाळी उलटली की कामासाठी बाहेर, हे तलासरी-डहाणूच्या आदिवासी पाड्यांचं वर्षानुवर्षांचं वेळापत्रक. दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळच्या उधव्यातूनही माणसं वीटभट्टीवर, बांधकामावर, मासेमारीच्या बोटीवर, नाहीतर वापी-सिल्वासाच्या कारखान्यांत जातात. डोक्यावर ऊन किंवा समोर भट्टीची धग, घामाच्या धारा आणि पाणी मिळेल तेव्हा मिळेल तेवढं. मुतखडा धरायला आणखी काय लागतं? तरी खडा झाल्यावर चर्चा रंगते ती टोमॅटोच्या बियांची, बोअरच्या पाण्याची आणि कुणाचा तरी खडा एका काढ्याने कसा पडला त्याची.

लघवीत कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल विरघळलेलं असतं. घामावाटे पाणी गेलं आणि तेवढं पोटात आलं नाही की लघवी दाट होते, स्फटिक सुटतात, एकमेकांना चिकटतात आणि खडा वाढू लागतो. ब्राझीलमधल्या एका पोलाद कारखान्यात भट्टीजवळच्या कामगारांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात मुतखड्याचं प्रमाण थंड जागी बसून काम करणाऱ्यांपेक्षा कित्येक पट जास्त निघालं. पाण्याचा उपाय किती लागू पडतो हेही मोजलं गेलं आहे. इटलीत लोरेन्झो बोर्गी यांच्या गटाने पहिल्यांदाच खडा झालेल्या 199 जणांवर पाच वर्षं नजर ठेवली आणि निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध केले. भरपूर पाणी पिणाऱ्या गटात 12 टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, नेहमीसारखं पिणाऱ्यांत 27 टक्क्यांना.

तेव्हा हिशोब किती तांबे प्यायलं याचा न ठेवता लघवी किती झाली याचा ठेवावा. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी व्हावी आणि तिचा रंग फिकट असावा. भट्टीवरच्या माणसाला त्यासाठी घरी बसणाऱ्यापेक्षा बरंच जास्त पाणी लागतं. कामाच्या जागी बायकांची अडचण वेगळीच असते. आडोसा नाही, म्हणून पुष्कळ जणी दुपारभर मुद्दामच पाणी पीत नाहीत. त्यांना ‘पाणी पीत जा’ एवढं सांगून भागत नाही. ठेकेदाराने कामावर संडास-मुतारी आणि पिण्याच्या पाण्याची सोय केली, तर तो मुतखड्यावरचाच उपाय ठरेल.

बोअरच्या जड पाण्यावर सगळं खापर फोडलं जातं, पण जड पाण्याने खडे होतात याचा पुरावा अगदीच कच्चा आहे. पाणी जड आहे म्हणून कमी पिणं हे नक्की नुकसानीचं.

दुधाबद्दलचा गैरसमज तर शिकलेल्या घरांतही ठाण मांडून आहे. खडा कॅल्शियमचा, दुधात कॅल्शियम, म्हणून दूध-दही बंद! वाटतं बरोबर, घडतं उलटं. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. कॅल्शियम तोडलं की मोकळं ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत उतरतं. बोर्गी यांनीच वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांवर ही गोष्ट तपासली. साठ जणांना कमी कॅल्शियमचा आहार दिला. उरलेल्या साठांना कॅल्शियम नेहमीएवढं, मीठ आणि मांसाहार मात्र कमी. पाच वर्षांनी पहिल्या गटात 23 जणांना पुन्हा खडा झाला होता, दुसऱ्यात 12 जणांना. हे 2002 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं. म्हणजे ताटातलं दही राहू द्यावं आणि मिठाकडे बघावं. जास्त मिठामुळे लघवीतलं कॅल्शियम वाढतं. डहाणूच्या किनाऱ्यापासून तलासरीच्या आठवडी बाजारापर्यंत खारवलेली मासळी सगळीकडे मिळते. ती सोडायची गरज नाही, पण खडा होऊन गेलेल्याने रोज खाऊ नये. टोमॅटोच्या बियांचा खड्याशी संबंध नाही. पालकात ऑक्झलेट खरंच भरपूर असतं, तेव्हा तो बेतानेच खावा.

आता ताडी. ‘ताडी मार, खडा पडेल’ हा सल्ला या पट्ट्यात ऐकू येतो. शहरात हेच बिअरबद्दल म्हणतात. दारूने लघवी जास्त होते हे खरं. पण वाट अडवून बसलेला खडा त्या लोंढ्याने सुटेल याची शाश्वती नाही. वर दाब वाढून कळ अधिक येते, आणि नंतर शरीरातलं पाणी घटतं ते वेगळंच.

कुळथाचं कढण आणि पानफुटीची पानं घराघरांत आहेत. या उपायांनी गुण येतो असं लोक शपथेवर सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. त्याचं कारण ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत सापडतं. मूत्रनलिकेत खडा अडकलेल्या 1167 रुग्णांपैकी काहींना टॅमसुलोसिन, काहींना निफेडिपिन (खडा पडावा म्हणून दिली जाणारी औषधं) आणि काहींना नुसतीच औषध नसलेली गोळी दिली गेली. चार आठवड्यांत पुढच्या उपचारांची गरज न पडलेले रुग्ण तिन्ही गटांत सुमारे 80 टक्केच होते. 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. पाच मिलिमीटरपर्यंतचे सुमारे दोन तृतीयांश खडे आपले आपणच पडतात, पाच ते दहा मिलिमीटरमधले निम्म्याच्या आसपास. त्या दिवसांत जे काही घेतलं असेल, श्रेय त्याला जातं. कुळथाचं कढण प्यायला कुणाची ना नाही. त्या निमित्ताने पाणी तरी पोटात जातं. मात्र कॅल्शियमचा खडा कुठल्याही काढ्याने विरघळतो असा पुरावा नाही. युरिक आम्लाचा खडा विरघळू शकतो, त्यासाठी लघवीचं आम्ल कमी करणारं औषध डॉक्टर देतात. म्हणूनच पडलेला खडा फेकून न देता तपासायला न्यावा.

सगळ्यांत घातक समजूत म्हणजे ‘दुखायचं थांबलं, खडा गेला’. अडकलेला खडा काही दिवसांनी दुखेनासा होतो आणि आत मूत्रपिंड फुगत, निकामी होत जातं. मूत्रपिंडभर फांद्या फुटलेले मोठे खडे तर कित्येकदा कधी दुखतच नाहीत. कळ थांबली तरी सोनोग्राफी करून खात्री करावी. खडा असताना थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी बंद झाली, तर रात्रीसुद्धा रुग्णालय गाठावं. अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाला तर काही तासांत जीव जाऊ शकतो.

ऑपरेशन म्हणजे कुशीवर वीतभर चीर, ही भीती मागच्या पिढीची आहे. 1976 मध्ये स्वीडनमधल्या फर्नस्ट्रोम आणि योहान्सन यांनी पाठीतल्या छोट्या छिद्रातून खडा काढल्याचं प्रसिद्ध केलं. 1980 मध्ये म्युनिकमध्ये बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देऊन पहिला खडा फोडला गेला. डहाणूवरून जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावर पुढे नडियाद लागतं. तिथल्या मुळजीभाई पटेल रुग्णालयातल्या डॉ. महेश देसाई आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये जेमतेम 1.6 मिलिमीटर जाडीच्या, आतलं दाखवणाऱ्या सुईतून खडा फोडण्याची पद्धत मांडली. लेझर सगळ्यांत नवं म्हणून सगळ्यांत चांगलं, असं मात्र नाही. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या खड्याला आजही पाठीतलं छिद्रच बहुधा योग्य ठरतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मुतखड्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया येतात, तेव्हा खर्चाच्या धास्तीने थांबण्याआधी योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

शस्त्रक्रियेनंतर बऱ्याचदा मूत्रनलिकेत एक मऊ नळी ठेवतात, तिला डीजे स्टेंट म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही, त्यामुळे विसरली जाते. ती साधारणपणे काही आठवड्यांत काढायची असते. महिनोन्‌महिने राहिली तर तिच्यावरच खडे चढतात आणि ती काढायला नवी शस्त्रक्रिया लागते. हंगामासाठी परगावी जाणाऱ्याला हा धोका जास्त, म्हणून नळी आहे का आणि कधी काढायची हे कागदावर लिहून घ्यावं आणि तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणालातरी दाखवून ठेवावा.

‘शिकाऊ डॉक्टर गरिबांवर हात साफ करतात’ ही भीती मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या नावाबरोबर येतेच. ती उडवून लावण्यासारखी नाही. पाठीतून मूत्रपिंडाच्या नेमक्या कप्प्यात सुई घालणं अवघड असतं. श्वासागणिक मूत्रपिंड वरखाली होतं, पडद्यावर चित्र सपाट दिसतं आणि चुकलं तर रक्तस्राव होतो. या शस्त्रक्रियेत हात बसायला साधारण 60 शस्त्रक्रिया लागतात, असं अभ्यासांत आढळलं आहे. त्यातल्या पहिल्या चुका माणसाच्या शरीराबाहेर व्हाव्यात, यासाठीच सिम्युलेटर, म्हणजे सरावाची यंत्रं आणि मॉडेलं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या पुढाकाराने अनेक देशांत मिळून झालेल्या ‘सिम्युलेट’ या चाचणीत 65 शिकाऊ शल्यचिकित्सक होते. त्यांच्यातल्या अर्ध्यांनी मूत्रनलिकेच्या दुर्बिणीचा सराव आधी सिम्युलेटरवर केला, बाकीचे नेहमीच्या पद्धतीने थेट शस्त्रक्रियागृहात शिकले. ठरवलेली पातळी गाठणाऱ्यांच्या संख्येत ठोस फरक पडला नाही, पण सराव केलेल्यांचे गुण जास्त आले आणि त्यांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रसंग 15 घडले. दुसऱ्या गटात 37. हे 2022 मध्ये प्रसिद्ध झालं.

अशी यंत्रं फक्त श्रीमंत देशांना परवडतात, हाही समजच. टोरांटोत 2002 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांचा एक गट 3700 डॉलरच्या मॉडेलवर शिकला आणि दुसरा रबरी नळी, पेला आणि स्ट्रॉ जोडून केलेल्या 20 डॉलरच्या मॉडेलवर. दोन्ही गटांच्या कौशल्यात म्हणावा असा फरक निघाला नाही. आपल्याकडे 2015 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ युरॉलॉजी’त पाठीतून सुई घालण्याच्या सरावासाठी चक्क भाजीचं मॉडेल मांडलं गेलं.

डहाणू तालुक्यात धुंदलवाडीजवळ आता वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि नियमांनुसार प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात कौशल्य प्रयोगशाळा असावीच लागते. मूत्ररोगतज्ज्ञ तिथे तयार होत नाहीत, त्यासाठी पुढचं शिक्षण लागतं. पण पुतळ्यावर आधी, माणसावर नंतर ही सवय एमबीबीएसपासूनच लागते. उधव्याच्या रुग्णाने कुठल्याही रुग्णालयात हक्काने विचारावं: ऑपरेशन कोण करणार, त्यांनी अशी किती केली आहेत, आणि शिकाऊ डॉक्टर असतील तर शेजारी अनुभवी हात कुणाचा असेल?