आमच्या बर्फीची जात कोणती?

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या शेजारच्या कुटुंबाची बदली झाली. सगळे सामान ट्रकमध्ये चढले आणि शेवटी राहिला एक छोटा पिंजरा. त्यात अडीच महिन्यांचे सशाचे पिल्लू होते. नव्या गावी भाड्याच्या घरात जनावर चालणार नव्हते. "ही आता तुमच्याकडे अमानत," असे म्हणून शेजारीण डोळे पुसत निघून गेली. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची म्हणून मुलांनी तिचे नाव बर्फी ठेवले.

तिची जात कोणती, हा प्रश्न पहिल्याच दिवशी निघाला. धाकटीला वहीत लिहायचे होते. शेजारीण म्हणाली होती, "छोट्या जातीची आहे, एवढीच राहील." आमच्या दादींनी मात्र आधी तिची मान तपासली. त्यांचे बालपण मिरजेजवळच्या खेड्यात गेले. रानातल्या सशाच्या मानेमागे काळा डाग असतो, हे त्यांना ठाऊक होते. बर्फीच्या मानेवर तसे काही नव्हते. हे बरेच झाले, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानससा पकडून घरी ठेवणे गुन्हा आहे. मराठीत दोघांनाही आपण ससाच म्हणतो, पण ते वेगळे प्राणी आहेत. रानसशाचे पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मते. पाळीव सशाचे पिल्लू उघडे आणि आंधळे असते. जगातले सगळे पाळीव ससे युरोपातल्या एकाच जंगली सशापासून आले आहेत.

मग आम्ही रंगावर गेलो. पांढरा रंग, लाल डोळे, म्हणजे न्यूझीलंड व्हाइट, असे आम्ही ठरवून टाकले. नाव न्यूझीलंडचे असले तरी ही जात तयार झाली अमेरिकेत. पूर्ण वाढलेला ससा चार ते पाच किलोंचा होतो. बर्फी तर एक किलोचीही नव्हती. तरी वहीत तेच लिहिले गेले आणि पिंजरा तोच छोटा राहिला.

डिसेंबरच्या थंडीत गंमत झाली. आज आम्ही गंमत म्हणतो, पण तेव्हा ती आमच्या चांगलीच अंगाशी आली. बर्फीचे कान, नाक आणि पाय काळपट दिसू लागले. आम्हाला वाटले, चुलीजवळ बसून काजळी लागली असेल. एका सकाळी आम्ही तिला बादलीत बसवून साबणाने धुतले. ती धडपडली, थरथरली. काळेपणा तर गेला नाहीच, पण त्या दिवशी तिने गवताला तोंड लावले नाही. रात्री मेथीची कोवळी पानेही तशीच पडून राहिली. पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती. धाकटी तिच्याजवळच झोपली. फजरची नमाज होताच आम्ही टोपलीत शाल घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे निघालो.

डॉक्टरांनी आधी आमची कानउघाडणी केली. सशाला कधी आंघोळ घालायची नसते. तो स्वतःचे अंग स्वतः साफ करतो. भिजला की गारठतो आणि भीतीने त्याची आतडी थंडावतात. दहा-बारा तास ससा काही खात नसेल, तर सकाळची वाट न बघता डॉक्टर गाठायचा. औषध दिले आणि पिचकारीने पातळ खाद्य भरवायला शिकवले. दोन दिवस आम्ही आळीपाळीने भरवत राहिलो. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यात चार लेंड्या दिसल्या, तेव्हा दादींच्या तोंडून मोठ्याने "अलहमदुलिल्लाह" निघाले.

काळ्या कानांचे कोडेही डॉक्टरांनीच सोडवले. काही सशांच्या रंगाचे काम उष्णतेवर चालते. अंगाच्या उबदार भागात रंग तयार होतच नाही. कान, नाक, पाय, शेपटी हे भाग थंड असतात, म्हणून तिथे तो उमटतो. थंडीत गडद होतो, उन्हाळ्यात फिका पडतो. सयामी मांजरातही हेच घडते. सशांमध्ये असा रंग दोन जातींत प्रसिद्ध आहे. हिमालयन जातीचा ससा दोन किलोंच्या आतच राहतो, कॅलिफोर्नियन चार किलोंच्या आसपास जातो. बर्फीला तराजूवर ठेवले, तर दोन किलो आठशे ग्रॅम! वय नऊ महिने, म्हणजे वाढ जवळजवळ पूर्ण. डॉक्टर हसून म्हणाले, "ना ही, ना ती. मिश्र आहे. बाजारात मिळणारे बहुतेक ससे असेच असतात. जातीचे नाव सोडा, पिंजरा बदला."

ते बोलणे आम्हाला लागले. "छोटी जात" या दोन शब्दांवर विसंबून आम्ही त्या जिवाला सात महिने अंग पसरता येणार नाही अशा जागेत ठेवले होते. आता दुपारी ती सगळ्या खोलीत फिरते. गाजराचा आग्रहही बंद झाला. सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजायला दिवसभर गवत चघळावे लागते. म्हणून गवत भरपूर, पालेभाजी थोडी, आणि गाजर फक्त लाड म्हणून. उन्हाळ्यात बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवतो, कारण सशाला थंडीपेक्षा उकाडा जास्त बाधतो.

तुमच्या घरी कुणाचा ससा येणार असेल, तर जात नंतर विचारा. वय किती, वजन किती, आईबाप केवढे होते, काय खातो, हे आधी विचारा. पिल्लाच्या रंगावरून काही ठरवू नका.

मार्चमध्ये बर्फीचे जुने केस गळाले आणि कान पुन्हा फिके झाले. धाकटीने वहीतले "न्यूझीलंड व्हाइट" खोडून "मिश्र, दोन किलो आठशे" असे लिहिले. न्हाणीघरातला साबण या वेळी कुणी हातात घेतला नाही.